घमेल्यातलं तळं

लग्नाला जाऊन नवरा-नवरीकडे पाठ करून उभा राहणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा सासरा आहे. मंगलाष्टकं चाललेली असतात, वऱ्हाड माना उंचावून स्टेजकडे बघत असतं, आणि मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात) मांडवाच्या कोपऱ्यात रुखवताच्या टेबलासमोर हात मागे बांधून उभे असतात. त्यांच्या मुठीतल्या अक्षता खऱ्या जोडप्यावर कधी पडतच नाहीत, त्या सुपारीच्या नवरा-नवरीवर पडतात. मुलगी काळी की गोरी, मुलगा काय करतो, जेवणात काय आहे, यातलं काहीही त्यांना घरी आल्यावर सांगता येत नाही. पण खारकेच्या विड्यांना कोणत्या रंगाचा कागद लावला होता आणि लोकरीच्या पोपटाची चोच कशी चुकली होती, हे ते दहा वर्षांनीही सांगतात. साखरखेर्ड्याच्या एका लग्नात त्यांना सुपारीच्या नवरदेवाची मान कललेली दिसली. खिशातून डिंकाची बाटली आणि सुई काढून ते तिथेच दुरुस्तीला बसले. नवरीच्या आईला वाटलं, हे नवरदेवाकडचे, खोट काढायला आलेत. नवरदेवाच्या काकांना वाटलं, नवरीकडच्यांचं काम अजून आटपलं नाही. दोन्हीकडचे टेबलापाशी जमले तेव्हा मामाजी मान वर न करता म्हणाले, "नवरदेवाची मान वाकडी होती. आतापासूनच काऊन वाकवता बापा त्याले? पुढं हायेच जन्मभर." दोन्हीकडचे हसले. सासूबाई मात्र चपला घालून बसस्टँडच्या दिशेने चालू लागल्या होत्या.

सरकारी कचेरीतली कारकुनी संपल्यावर हा छंद मोकाट सुटला. निरोप समारंभात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माणूस शाल पांघरतो, नारळ फोडतो, घड्याळ लावतो. मामाजींच्या हातात ते तिन्ही पडल्यावर आठवडाभरात शालीच्या गोंड्यांची आयाळ झाली, ती एका कापडी घोड्याला बसली. करवंटी घासून घासून आरशासारखी झाली. घड्याळाची चौकट तुळशीवृंदावनाच्या पायाला गेली. सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ होतं ना बापा! आता टाइम कायच्यात पाहू?" मामाजी म्हणाले, "रिटायर मानसाले टाइम कायले पाह्यजे?" त्यावर सासूबाईंचं जे उत्तर आलं ते मी इथे लिहीत नाही. त्यात कचेरीतल्या तीस वर्षांचा हिशेब होता.

त्या घरात काही म्हणजे काही फेकलं जात नाही. सीताफळाच्या दिवसांत तिथे जायला मला अजूनही धास्ती वाटते. फोड तोंडात टाकली की मामाजी समोर वाटी धरतात आणि आपल्या तोंडाकडे टक लावून बसतात. बी गिळली तर त्यांचा चेहरा असा पडतो की पुढची फोड नकोशी होते. त्या काळ्याभोर बियांच्या मग साखळ्या होतात, मोराचे डोळे होतात, मांडवाच्या महिरपी होतात. ज्वारीच्या धांड्यातला मऊ भेंड काढून बैल, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या काड्यांची गाडी, सरकी न काढलेल्या कापसाचे ससे. प्रत्येक वस्तूला कूळ आहे. पोपटाची हिरवी लोकर म्हणजे माझ्या बायकोचा दुसरीतला स्वेटर. मोराच्या पिसाऱ्यातली निळी काच म्हणजे तिची पहिली बांगडी, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचताना फुटली ती. तिची काच वेचायला मामाजी स्टेजवर चढले होते आणि मुलांना वाटलं होतं की हेही नाटकात आहेत.

आता मला एक सांगून टाकायचं आहे. मी मुळात बोलत नाही. घरात माझं मत म्हणजे मान हलवणं, आणि ती कोणत्या बाजूला हलली हे बायको ठरवते. अशा माणसाने आयुष्यात मोजकी वाक्यं बोलावीत आणि त्यातलं एक नेमकं चुकावं, याला काय म्हणणार? आमच्या लग्नाची बैठक लोणारला मामाजींच्या ओसरीवर होती. देणंघेणं काही नव्हतंच, सगळं गोडीत चाललं होतं. उठता उठता कुणीतरी विचारलं, "मुलाचं काही म्हणणं?" मुलाचं कधीच काही म्हणणं नसायचं. पण मी तेव्हा बुलढाण्याला शाळेत नवा मास्तर होतो, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे एका पाहुण्यांचं साध्या लग्नावर भाषण झालं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "लग्न साधं व्हावं. रुखवत-बिखवत नको." सगळ्यांनी वाहवा केली. सगळ्यात मोठ्याने मामाजींनी. "वा, वा! शिकेल पोरगा हाय!" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. ती टाळी मी पुढे कित्येक वर्षं अभिमानाने आठवत होतो. रुखवताऐवजी मुलीकडून पाच भांडी आली आणि मी सुधारक ठरलो.

त्या टाळीची गोष्ट मला कळली ती मामाजी रिटायर झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात. सुटीत सासुरवाडीला गेलो होतो. सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेलो तर तिथे पत्र्याची मोठी पेटी उघडी, आणि जुन्या धोतरावर उन्हाला एक अख्खं रुखवत मांडलेलं. सुपारीचं जोडपं, सप्तपदीची सात पावलं, पोपट, मोर, बैलगाडी, आणि मधोमध एक घमेलं. घमेल्यात लोणारचं तळं. कडेला मातीचा गोल कठडा, त्यावर शेवाळाची झाडी, चिंचोक्यांची देवळं आणि तळाशी हिरवं तेलरंगाचं पाणी. मी विचारलं, "कोणाचं आहे हे?" मामाजी पुटपुटले, "असंच. हाय एकाचं." आणि त्यांनी घाईने दोन करवंट्यांवर पंचा टाकला. पण मी पाहिलं होतं. घासून कोरलेल्या, नक्षीच्या करवंट्या. एकीवर माझ्या बायकोचं नाव. दुसरीवर माझं. मामाजी म्हणाले, "ते नमुना हाय, नमुना."

माझ्या नावाचा नमुना!

खाली स्वयंपाकघरात सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मी जाऊन नुसता उभा राहिलो. त्या लाटता लाटताच बोलल्या, "पाह्यलं का गच्चीवर? पोरगी दुसरीत होती तवापासून करून राह्यले होते. तळं कायले, म्हटलं, त म्हने पोरगी लोनारची, तिच्यासंगं तळं गेलं पाह्यजे. तुमचं ठरलं त्या हप्त्यात तुमचं नाव कोरलं. मंग तुमी बैठकीत बोलले." पोळी तव्यावर टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जाऊ द्या. तुमाले काय माहीत."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. ती कोणत्या बाजूला हलली ते मलाही कळलं नाही.

त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं, की हे रुखवत पेटीत बंद असलं तरी अजून तयार होतंय. मामाजी त्याला दरवर्षी ऊन दाखवायचे, पोपट झटकायचे, बैलाचं शिंग बदलायचे. मग एका उन्हाळ्यात लोणारच्या खऱ्या तळ्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. गावोगावचे लोक बघायला लोटले. मला घरी फोन आला. मामाजींचा आवाज इतका चढलेला, की शेजारच्या खोलीतली मुलंही दचकली.

"जावईबापू, तळं गुलाबी झालं हो!"

"हो मामाजी, ऐकलं मी."

"ऐकून काय होते? गुलाबी रंगाची डबी आना बुलढान्याहून! इथं दुकानात एकच हाय, ते बारशाच्या पाळन्यासारखी फिक्की दिसते. थे नाई चालत. आपलं तळं भडक झालं हाय!"

"मामाजी, पण घाई काय आहे?"

"घाई काय म्हंजे? हिरवंच ठेवलं त नवरदेवाकडचे नाव नाई ठेवतीन का?"

एवढं बोलून ते एकदम थांबले. नवरदेवाकडचा मीच होतो, आणि लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मग हळूच म्हणाले, "सवड मिळाली त आना. नाई त राहू द्या." मी त्याच संध्याकाळच्या एसटीने डबी घेऊन गेलो. पुढे पाणी परत हिरवट झालं, तेव्हा हिरवी डबी घेऊनही मीच गेलो. माफी मागण्याची माझी पद्धत एवढीच होती: तेलरंगाच्या डब्या पोचवणं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मुलं म्हणाली हॉटेल, बायको म्हणाली घरीच पुरणपोळी. मग सवयीने सगळ्यांनी माझ्या मानेकडे पाहिलं. मी घसा साफ केला. बायको नंतर सांगत होती की तिला भीतीच वाटली, कारण मी असा घसा साफ केलेला तिने एकदाच पाहिला होता.

"लोणारला करायचं," मी म्हणालो. "रुखवत मांडायचं."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. फोन लावून माझ्या हातात दिला.

"मामाजी, रुखवत मांडाल का?"

"मांडतो ना. कोनाचं?"

"आमचं."

पलीकडून नुसती खडबड ऐकू आली. मला वाटलं फोन पडला. मग सासूबाईंचा आवाज आला, "काय सांगतलं बापू तुमी यायले? फोन माह्या हातात देऊन गच्चीवर पळाले! गुडघे दुखतात म्हनत होते सकाळपासून!"

पुढचे पंधरा दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नाही. मामाजींनी टेबल मागवलं, परत केलं, दुसरं मागवलं. पांढरी चादर नको, मोतिया पाहिजे. झालरीला टाके घालताना सासूबाईंनी त्यांना सुई ओवून दिली, आणि दर वेळी एक टोमणाही ओवून दिला. "पोरीच्या वक्ती घातली असती त डोळेबी बरे होते तुमचे." सर्वात मोठा पेच होता विहिणीचा. रुखवत पाहायला नवरदेवाची आई आलीच पाहिजे, आणि तिने नाव ठेवलंच पाहिजे, नाहीतर ते रुखवत कसलं? माझी आई ऐंशीच्या घरातली, पण नाव ठेवण्याच्या बाबतीत अजून खणखणीत. मामाजींनी तिला स्वतः फोन करून रीतसर आमंत्रण दिलं.

त्या दिवशी ओसरीवर टेबल सजलं होतं. शेजारपाजारच्या बाया डोकावत होत्या, मुलं मोबाइलवर फोटो काढत होती. आणि आयुष्यभर टेबलाच्या पुढे उभा राहिलेला हा माणूस पहिल्यांदाच टेबलामागे उभा होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी, कपाळावर घाम. मागे भिंत, त्यामुळे हात मागे बांधायला जागाच सापडत नव्हती. ऐन वेळी भेंडाचा एक बैल गुडघ्यावर बसला. मामाजींनी खिशात हात घातला तर डिंकाची बाटली नाही, नव्या सदऱ्याच्या धांदलीत राहिली होती. बाया एकदम बोलायला लागल्या, "राहू द्या, बसेल बैल बी चांगला दिसते!" आणि तेवढ्यात आई आली. चष्मा पुसला. सगळं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मोराकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. मग तिने सुपारीच्या नवरदेवाला बोट लावलं.

"व्याहीबुवा, याची मान वाकडी हाय."

मामाजींचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना.

"हाव ना विहीनबाई!" ते मोठ्याने ओरडले. "मी मुद्दाम वाकडी ठेवली! त्याले बोलता येत नाई, नुसती मान हालवते!"

सगळी ओसरी हसली. बायको तर डोळे पुसायला लागेपर्यंत हसली. मीही हसलो, आणि मग सगळ्यांसमोर म्हणालो, "मामाजी, तेव्हा मी चुकलो." हसण्याच्या गलक्यात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. ते टेबलावरून हात लांब करून माझ्या सदऱ्यावरचा कापसाचा एक तंतू काढत होते.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे रुखवत नवऱ्याच्या घरी निघालं. मी भाड्याची गाडी ओसरीला लावली. मामाजी एकेक वस्तू पेपरात गुंडाळून देत होते, जपून, जशी एकेका लेकीची पाठवणी. करवंट्या दिल्या. पोपट, मोर, गुडघ्यावर बसलेला बैलही दिला. शेवटी पेटीपाशी घमेलं तेवढं राहिलं. मी उचलायला वाकलो तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"जावईबापू, समदं न्या. हे तळं राहू द्या."

"अहो, तिच्यासंगं तळं गेलं पाहिजे म्हणाले होते ना तुम्ही?"

"हाव. पन बुलढान्यातून तुमाले तळं दिसते का? रंग बदलला त कोन पाहीन?" मग पेटीत डोकावत म्हणाले, "अन् पेटी एकदम रिकामी बरी नाई वाटत."

घमेलं राहिलं. करवंट्या आता आमच्या बैठकीत आहेत, शेजारी शेजारी. आणि कधीच फोन न करणारा मी दर रविवारी लोणारला फोन करतो. तब्येत वगैरे विचारत नाही. विचारतो, "मामाजी, आज कसा आहे रंग?" ते सांगतात. हिरवा. जरा पिवळट. सकाळी वेगळा होता. मग ब्रश घेऊन बसल्याचं सासूबाई मागून ओरडून कळवतात.

परवा विचारलं तर त्यांनी आधी बैलाच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, "गेलोच नाई बापू तिकडं या हप्त्यात. काठापर्यंत चालनं होत नाई आता." आणि अगदी हळू, "तुमीच येऊन पाहा ना. मले सांगा. मी रंगवतो."

उद्या सकाळच्या एसटीने निघतो आहे. दोन डब्या घेतल्या आहेत, एक हिरवी आणि एक गुलाबी.