सिस्टरांची नवी बॅटरी

तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढून सिस्टर निवृत्त झाल्या, तरी शेजारीपाजारी त्यांना सिस्टरच म्हणत. घरात लेक तेवढी आई म्हणायची, तेही बहुधा चिडून.

यंदा नर्सिंग कॉलेजनं त्यांना पहिल्यांदाच व्याख्यानाला बोलावलं. कमी वजनाची बाळं हा विषय म्हणजे त्यांच्या हातचा मळ. पण उभ्या जन्मात चारचौघांत भाषण केलेलं नव्हतं. सगळी भिस्त लॅपटॉपमधल्या चाळीस चित्रांवर. आणि लॅपटॉप तर वीस मिनिटांत मान टाकायचा. हॉलमध्ये टेबलाजवळ प्लगही नव्हता. म्हणून नवी बॅटरी बसवून घेतली.

"वीसच्या खाली उतरू देऊ नका, रोज ऐंशीच्या वर चढवू नका, तापू देऊ नका," दुरुस्तीवाला म्हणाला. "बाकी काही काळजी नाही."

शेवटचं वाक्य सिस्टरांच्या कानात शिरलंच नाही. घरी येताच त्यांनी तक्ता आखला: वेळ, टक्के, अंग गरम की गार. दर अर्ध्या तासाला नोंद. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी टेबल फार टणक वाटलं, म्हणून मऊ दुपट्याची घडी करून लॅपटॉप पलंगावर निजवला, वरून पातळ चादर घातली आणि चार्जर लावला. अर्ध्या तासानं हात लावला, तर चटकाच बसला.

"अगं बाई, हा तर फणफणलाय!"

लेक तोंडातला ब्रश न काढताच धावली. "आई! दुपट्यात कोणी लॅपटॉप गुंडाळतं? श्वास कोंडलाय त्याचा!"

"श्वास घेतो तो?"

"खालच्या जाळीतून हवा खेळते गं. काढ आधी ते!"

सिस्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या पाळीत असं कधी घडलं नव्हतं. चार्जर काढला, लॅपटॉप टेबलावर ठेवून निववला. तोवर निघायची वेळ झाली. आकडा एकसष्टवरच राहिला.

हॉलमध्ये साठ मुली. पहिल्याच चित्राला सिस्टरांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर. साठ. दोन वाक्यं होतात न होतात तोच एकोणसाठ. पुढचं वाक्य आठवेना. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी सिस्टरांनी झाकण मिटलं.

"जरा पडू दे त्याला," त्या म्हणाल्या आणि खांद्यावरच्या शालीची गुंडाळी केली. "हे बघा, दीड किलोचं बाळ. उचल गं तू. अशी नाही, मानेखाली हात! पाडलंस की!"

मग त्या बाकांमधून फिरायलाच लागल्या. कुणाचं कोपर सरळ कर, कुणाला दटाव, कुणाला हसव. दीड तास कसा गेला, कळलंही नाही.

टाळ्या ओसरल्यावर प्राचार्यबाई जवळ आल्या. "सिस्टर, दर महिन्याला या. लॅपटॉप नाही आणला तरी चालेल."

सिस्टरांनी झाकण हळूच उघडून आकडा बघितला. अठ्ठावन्न.

"छे हो," त्या म्हणाल्या, "त्याला घरी कोणाच्या भरवशावर ठेवू?"