सिरीजचे अक्षर

नंबरपाटी वाचण्यासाठी असते, असा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माझा समज होता. ती वाचता येऊ नये म्हणूनही रंगवून घेतली जाते, आणि अशी पाटी मिरवणाऱ्याकडे सारे गाव कौतुकाने पाहते, हे मला उशिरा कळले. त्या कौतुकात मी सर्वांत पुढे होते. म्हणून हा राग मला पूर्णपणे दुसऱ्यांवर काढता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघी बहिणी सिंदी मेघेहून वर्ध्याला एकाच लुनावर जात असू. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पदवी घेऊन पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली. ती लुना चालवायची. मी मागे, बी.एस्सी.ची जर्नल्स मांडीवर घेऊन, आणि त्यांच्यावर एक दोनशे पानी वही उघडून. त्या वहीत मी गाड्यांचे नंबर टिपत असे. दिसतील तेवढे, आणि त्यांतले मालकाने मुद्दाम निवडलेले कोणते ते शोधायचे. त्या काळी जादा शुल्क भरून पसंतीचा नंबर घेतला जाई आणि मग पेंटर त्या आकड्यांना अक्षरांचे रूप देई. २१४ मधल्या दोनाला ओढून ‘र’ करायचा, एक म्हणजे काना, चाराला जरा वाकवले की ‘म’: झाला राम. ८०५५ चा इंग्रजीत ‘बॉस’. आणि सर्वांत लाडका ४१४१, म्हणजे ‘दादा’.

“राम!” ताई ओरडायची.

“ताई, समोर पाह्य.”

“समोर पाहूनच तं दिसला. लिही लवकर, माह्या खात्यावर.”

जी आधी ओळखेल तिची ती गाडी, असा नियम होता. पण मला नुसत्या खेळाचे समाधान नव्हते. मला त्यात शास्त्र हवे होते. प्रत्येक नोंदीपुढे मी गाडीचा प्रकार, रंग, जागा आणि आकड्यांची बेरीज लिहीत असे. नंबर योगायोगाने मिळाले असते, तर बेरीज करत शेवटी नऊ, म्हणजे शुभ मानलेला आकडा, उरणाऱ्या गाड्या नवात एक असायला हव्यात. स्कूटरींमध्ये त्या साधारण तेवढ्याच निघत. जीपगाड्यांमध्ये मात्र त्या पदोपदी भेटत. हा शोध लागला त्या दिवशी मी इतकी खूश होते, की प्रयोगशाळेतला तास चुकला तरी वाईट वाटले नाही.

माझ्या पद्धतीतली एक गोष्ट ताईला पटत नसे. “एमएच-३२ च्या पुढचं हे बारकं अक्षर तू काऊन नाई लिहत वं?”

“त्याचा काई उपयोग नाई. आकडा मालक निवडते. अक्षर त्याले आपोआप भेटते. जे निवडलं नाई, ते मोजून काय करतं?”

“पण एकाच आकड्याच्या दोन गाड्या राह्यल्या तं?”

“माह्या अभ्यासात त्यानं फरक पडत नाई.”

तर्क बिनचूक होता. आजही मला त्यात चूक दाखवता येत नाही.

पुढे, दोन हजार साल उलटल्यानंतरच्या एका हिवाळ्यात, भरतीची मैदानी चाचणी दीड महिन्यावर आली असताना, ताई रोजच्याप्रमाणे सकाळी रस्त्याच्या कडेने धावत होती. उजाडले होते. मागून आलेल्या एका पांढऱ्या जीपने तिला उडवले. जीप वीसेक पावलांवर जाऊन थांबली. कोणी उतरले नाही. खाली पडलेल्या ताईला मागची पाटी स्पष्ट दिसली: लाल रंगात, पाटीभर पसरलेला ‘दादा’. मग जीप निघून गेली. डाव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. दवाखान्यात आत रॉड घातला आणि भरतीचा विषय तिथेच संपला.

जबाब घ्यायला हवालदार कॉटपाशी आला.

“गाडीचा नंबर?”

“दादा,” ताई म्हणाली.

“दादा हा नंबर नाई होत, बाई. दादा तं वर्ध्यात गल्लीगल्लीत हायेत.”

मी पुढे सरसावले. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला थोडा आनंदसुद्धा झाला होता. माझी विद्या कामी येणार होती. “चार एक चार एक. अन् ही गाडी माह्या वहीत हाय.”

“वा! मंग सिरीज सांगा. ए, बी, सी, डी, कोणती?”

ते अक्षर मी कधी टिपलेच नव्हते. त्याने वाहनाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिले.

घरी येऊन वही उघडली. ‘४१४१, जीप, पांढरी’ अशी नोंद दोनदा होती, दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ठिकाणी. पहिल्या वेळी कापूस बाजाराच्या फाटकाशी जीप उभी होती आणि मी तिच्यापासून दोन हातांवर होते. पेन हातात होते. बारके अक्षर डोळ्यांसमोर होते. मी आकड्यांची बेरीज लिहिली. ही एकच जीप दोनदा दिसली, की जीपा दोन होत्या, हे माझ्या वहीतून मला सांगता येईना. माणसाने निवडलेले तेवढे मी जपले होते, आणि ज्यावरून गाडी ओळखू येते ते टाकून दिले होते.

परिवहन कार्यालयात गेले, तर खिडकीवरच्या बाबूने समजावले, की मालकाचे नाव हवे असल्यास अर्जात पूर्ण नंबर लिहावा. पूर्ण नंबर हवा असल्यास मालकाचे नाव लिहावे. “दोनीपैकी एक तं पाह्यजेच ना, मॅडम.” त्याच्या मागे भिंतीवर नंबर कसे लिहावेत याचा नियम चौकटीत टांगला होता. त्या नियमाखालून रोज किती दादा, किती राम, किती बॉस पासिंग होऊन जात होते, आणि ताईच्या एका पायापुरता मात्र नियम अक्षरशः पाळला जात होता.

मग मी स्वतः चौकात उभी राहू लागले. कॉलेजच्या आधी दीड तास, नंतर दोन तास. नवव्या दिवशी कोडे सुटले आणि त्याच वेळी अधिक अवघड झाले. पांढऱ्या जीपा दोन होत्या. एकीवर लाल ‘दादा’ तसाच मिरवत होता. दुसरीवर कोरी करकरीत पाटी होती. नियमाप्रमाणे सरळ आकडे, ४१४१. तिचा पुढचा बंपरही नवा होता. मी अक्षर लिहून घेतले, पहिल्यांदाच, आणि धावत ताईकडे गेले.

“सापडली. पाटी बदलवली त्यानं. तू फक्त एवढं सांग का तुले खाली पडल्यावर हे अक्षर दिसलं होतं. पुरवणी जबाब घेतील.”

“मले नाई दिसलं.”

“माह्यित हाय मले. पण गाडी तेच हाय.”

“तुले कसं माह्यित? त्या गाडीवर पह्यले दादा होतं, हे तू पाह्यलं?”

“पाह्यलं असन ना! वहीत दोन नोंदी हायेत.”

“असन,” ताई म्हणाली. “उद्या मी त्या टेबलामागं बसली असती, अन् कोणी येऊन ‘असन’ म्हटलं असतं, तं मी लिहून घेतलं असतं का वं?”

“तुह्या पायाचं काय मग?”

“पाय माहाच हाय. त्याच्यासाठी खोटं बोलाचं का नाई, ते मी पाह्यतो.”

मी तिच्यावर ओरडले. तिच्या सरळपणाचा, हवालदाराच्या रकान्याचा, जीपवाल्याच्या निर्लज्ज नव्या पाटीचा, सगळ्यांचा राग मी त्या कॉटवर पडलेल्या मुलीवर काढला. पुरवणी जबाबात तिने जेवढे पाहिले तेवढेच सांगितले. ‘पाटीवर लाल रंगाने दादा असे लिहिलेले होते,’ हे वाक्य हवालदार घ्यायला तयार नव्हता. ते शब्दशः घेतल्याशिवाय ती सही करीना. शेवटी त्याने ते घेतले. नवी पाटी आणि नवा बंपर पाहिल्याचा अर्ज मी माझ्या नावाने दिला. तो फायलीत गेला आणि फायलीतच राहिला.

सहा महिन्यांनी कागद आला. गुन्हा घडला हे खरे, आरोपी मिळून आला नाही, सबब तपास बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास कोर्टात हजर राहावे. मी एका बैठकीत तीन पाने लिहिली, मुद्देसूद, क्रमांक घालून. ताईने ती वाचली.

“याच्यात ‘बहुतेक’ किती वेळा लिहिलं तू, ते मोज.”

“ताई!”

“माह्या नावानं हे नको देऊ.” तिने कोरा कागद ओढला आणि स्वतः लिहिले: ‘माझी हरकत आहे. मी सांगितलेली पाटी असलेल्या किती गाड्या पोलिसांनी तपासल्या, ते मला सांगावे.’ खाली सही. बस.

माझ्या तीन पानांत हा प्रश्न कुठेही नव्हता. मी सिद्ध करायला निघाले होते. ज्यांचे काम होते त्यांना ते करायला लावावे, हे मला सुचलेच नव्हते.

तारखेला पोलिसांचे उत्तर आले, एका शब्दाचे: निरंक. ताई काठीवर भार देऊन उभी राहिली.

“निरंक म्हणजे एकही नाही, ना साहेब?”

न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली. “हो.”

“मग तपास बंद कसा होईल, साहेब? सुरूच झाला नाही तो.”

त्यांनी हवालदाराकडे पाहिले. प्रकरण पुढील तपासासाठी परत पाठवले गेले.

बाहेर व्हरांड्यात हवालदार आमच्याजवळ आला आणि ओशाळे हसत म्हणाला, “बाई, तुम्ही भरतीत निवडून आल्या असत्या, तं आमची काई खैर नव्हती.”

मला त्याला काहीतरी जळजळीत सुनवायचे होते; शब्द तोंडाशी आले होते. ताई हसली नाही, चिडलीही नाही. काठी सरळ करून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“गाड्या तपासाले चौकात कवा येता, ते सांगा,” ती म्हणाली. “मी पण येतो.”