भरीव चौकोन

दुर्बिणीतून वामनदादा उलटे दिसत होते. पाय वर, डोकं खाली, तोंड सारखं चालू.

माझं लेव्हलिंगचं यंत्र जुनं. त्यात चित्र उलटंच दिसतं. समोर आकडे रंगवलेली उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, धरून माणूस उभा करायचा आणि आकडे वाचून जमिनीचा चढउतार काढायचा. त्या दिवशी आमचा स्टाफवाला आजारी पडला, म्हणून बेटाचे वॉचमन वामनदादा पट्टी धरून उभे होते. बेटावर दुसरं कोणी नव्हतंच.

नव्वदच्या दशकाची अखेर. वसईच्या खाडीतल्या या बेटावर एकेकाळी धक्का, मिठाची गोदामं, होड्यांचा कारखाना होता. माझ्याजवळच्या जुन्या नकाशावर ते सगळं भरीव चौकोनांत होतं. भरीव म्हणजे वापरातली इमारत, पोकळ म्हणजे पडकी. वालीवच्या एका कंपनीला बेट विकत घ्यायचं होतं. नकाशा ताजा करून हवा होता. यादीतली एकेक इमारत पाहून मी टिक करत गेले. दुपारपर्यंत सगळे चौकोन पोकळ झाले. एक सोडून.

"दादा, मघाशी एवढं काय बोलत होता? तिकडे काही ऐकू येत नव्हतं."

"ठाव हाय बाई. पन तुमी बगत तर होत्या."

डबा खाताना त्यांनी विचारलं, "माजी खोली दावली ना?"

"दाखवली. भरीव."

"बरं केलं. बेटाचा शेठ प्यायच्या पान्याची होडी धाडायला विसरतो. कागदावर खोली दिसली तर मानूस आठवंल."

आमच्या ऑफिसात साहेब वैतागले. "मॅडम, एका खोलीसाठी कशाला? पोकळ करा."

"तिथे माणूस राहतो, सर. मी त्यांच्यासोबत जेवले."

"जेवणाचा सर्व्हे होता का?"

मी चौकोन भरीवच ठेवला आणि सही केली.

होडी गेली, पण ती दादांना बेटावरून उठवायला. कंपनीला बेट रिकामं हवं होतं. अडचण नेमकी कुठे आहे, ते माझ्या नकाशानेच दाखवलं.

पुढे ते मला वालीवला, त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे असलेले भेटले. कामाची पाळी सुटली होती. माणसांचा लोंढा त्यांच्या अंगावरून चालला होता.

"पाण्याची सोय झाली ना, दादा?"

"नळ हाय. पन बाई, हितं कोन बगत नाय."

नकाशा फक्त पाहणीच्या दिवसापुरता खरा असतो. म्हणून आधी कोपऱ्यातली तारीख वाचावी. माझ्या प्रतीवर ती आहे. त्या दिवशी बेटावर आम्ही दोघं होतो.