मेंदी वाळेपर्यंत वाचायची पुस्तकं

वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत माझं छोटं पार्लर आहे. तिथं पुस्तकं शिरली ती माझ्या वाचायच्या नादापायी. एका दुपारी खुर्चीतल्या बाईंच्या चेहऱ्याला मुलतानी मातीचा लेप लावला आणि तो वाळेपर्यंत मी घरजावयाच्या फजितीचं एक विनोदी पुस्तक उघडलं. मला इतकं हसू लोटलं, की बाईंनी डोळ्यांवरच्या काकडीसकट विचारलं, "काय झालं गं?" मी ते पान वाचून दाखवलं. त्या हसल्या आणि लेपाला कपाळापासून हनुवटीपर्यंत तडे गेले. पुन्हा लेप लावला, त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा तडे. शेवटी तोंड धुऊन त्या पुस्तकच घरी घेऊन गेल्या.

तेव्हापासून कुणाला काय वाचायला द्यावं, याची मला चटकच लागली. केसांना रंग लावून बसलेल्या बाईला मी प्रवासवर्णन देते. बर्फाच्या डोंगरात गेलेली बाई घड्याळ बघत नाही. साठी उलटलेल्यांना बायकांची आत्मचरित्रं. दोन पानं झाली की त्या पुस्तक मिटून स्वतःचंच सांगायला लागतात आणि ते बहुतेक वेळा जास्त रंगतं. केस कापताना मान स्थिर न ठेवणाऱ्या पोरींसाठी शाळेत नाव घालायला गेलेल्या शेळीची चित्रगोष्ट आहे. कविता डोक्याला मालिश करताना. भुताच्या गोष्टी कधीही, पण भुवया कोरताना नाही. एकीनं हट्टानं ऐकली, दचकली, आणि तिची डावी भुवई उजवीशी जुळायला बराच काळ लागला.

आणि नवरीच्या मेंदीला रहस्यकथा. हे माझं ठाम मत, कारण नवरीला तासन्‌तास हलायचं नसतं आणि रहस्यकथेत कुणी मधेच उठत नाही.

गेल्या लग्नसराईत इंदापूरजवळच्या एका वस्तीवर मेंदीला गेले. नवरी माझी नेहमीची गिऱ्हाईक, वाचनवेडी. मी तिच्यासाठी नवी रहस्यकथा नेली होती. बंगल्यात वकील मरून पडलाय आणि दारं आतून बंद. पण घोटाळा लक्षात आला तो मेंदीचा कोन हातात घेतल्यावर. तिचे दोन्ही हात माझ्या ताब्यात, माझे मेंदीत. वाचणार कोण?

तेवढ्यात तिचे वडील मांडवासाठीच्या खुर्च्या मोजायला आत आले. उसाची शेती करणारा आडवातिडवा माणूस. ती म्हणाली, "आबा, एक पान वाचा ना."

"मला कुठं येळ हाय? मांडववाला थांबलाय."

"एकच."

ते टेकले. चष्मा लावून, बोट ठेवून वाचायला लागले. एका पानाची दहा झाली. वकिलाला ते खर्जातला आवाज द्यायला लागले, स्वयंपाक्याला नाकातला. मधेच थांबून म्हणायचे, "आता ह्यो कोण आला आनि?" मांडववाला विचारायला आला आणि दारातच बसला. नवरीची आजी कोपऱ्यात हळद निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"त्यात जावई हाय का?" तिनं विचारलं.

"हाय की. थोरला."

"मग त्योच. पुढं वाचूच नगंस."

"आई, गप की. मला सैपाक्यावर संशय हाय."

नवरी हसून हसून हलायला लागली आणि माझ्या मोराची मान बदकाची झाली. दोन्ही तळहात आणि मनगटं भरली तेव्हा शेवटचं प्रकरण लागलं होतं. घरातल्या सगळ्या बायका भोवती जमल्या होत्या. आबा वाचत होते, "सगळ्यांच्या नजरा त्या माणसाकडे वळल्या, आणि तो माणूस म्हणजे..." ते थांबले. त्यांनी पोरीकडं बघितलं. खाकरले. म्हणाले, "सैपाक्या. झालं. उठा आता, कामं हायती."

"आबा, खरं वाचा."

"वाचलं की."

"तुमचे कान लाल झालेत."

आणि ती उठली. ओल्या मेंदीच्या दोन्ही हातांनी तिनं त्यांच्याकडून पुस्तक ओढून घेतलं. खुनी थोरला जावईच होता.

आजी म्हणाली, "मी म्हनलं न्हवतं?"

घरभर जो हशा उठला, त्यात आबाही हसले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले आणि मग त्यांना ते थांबवता येईना. "उद्या लगीन हाय पोरीचं," ते म्हणाले, "आज कसं वाचावं मी असलं?" ती तशीच त्यांच्या गळ्यात पडली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागं दोन पंजे उमटले, बदकासकट.

मी मेंदी पुसून पहिल्यापासून काढायला बसले. मोरांना वेळ नव्हता, म्हणून साध्या वेली काढल्या. आबांनी न सांगता माझ्या पिशवीतली शेळीची चित्रगोष्ट उचलली आणि तीही आवाज काढून वाचली.

लग्नात नवऱ्या मुलाकडं बघून वस्तीवरच्या बायका तोंडाला पदर लावत होत्या. त्याला काही कळेना. अंतरपाट खाली गेल्यावर हार घालताना नवरीनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मग तो एकटाच हसत उभा होता.

ती आता बारामतीला असते. परवा फोन आला. सासूबाईंना वाचायला काय देऊ, विचारत होती. मी म्हटलं, त्यांना आधी विनोदी दे, मग आत्मचरित्र.

"अहो, ती दोन्ही झाली," ती म्हणाली. "आता त्यांना सुनेनं खून केलेलं पायजे. हाय का तुमच्याकडं?"

मी फडताळ उपसून बसले आहे.