उनैझातल्या पेटीतलं रिव्हॉल्वर

जायचं ठरलं ते डायलिसिस वॉर्डात. मी सौदीत अल-खोबरच्या एका खासगी हॉस्पिटलात मशीन दुरुस्त करतो, आणि उरलेल्या वेळात जुन्या रिव्हॉल्वरचं सामान जमवतो. रिव्हॉल्वर नाही, फक्त सामान: होल्स्टर, तेलाच्या बाटल्या, नळी साफ करायच्या सळ्या, मुठीच्या कडीला अडकवायचे गोफ. इकाम्यावर, म्हणजे परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्यावर, राहणाऱ्या माणसाने हत्याराच्या वाटेला जाऊ नये, हे इथे आल्याबरोबर कळतं. पण फोटो बघून कुठलं, कुठल्या काळातलं, सोबतचं सामान मूळचं की नंतर जोडलेलं, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

अबू सलमान हे आमचे जुने पेशंट. वय ऐंशीच्या आसपास, निवृत्त मुख्याध्यापक, शनि-सोम-बुध डायलिसिस. त्यांचे वडील तरुणपणी मुंबईला घोड्यांच्या व्यापारात होते, त्यामुळे तोडकीमोडकी हिंदी घरात आलेली. एका बुधवारी मी बाजूचं मशीन उघडून बसलो होतो, तेव्हा ते, इंजिनियरला इथे मारतात तशी हाक मारत, म्हणाले, "मुहंदिस, माझ्या वडिलांचं रिव्हॉल्वर उनैझाला, गावच्या घरी आहे. पेटीसकट. माझ्या नावावर परवाना आहे. तू येऊन बघ. मला एक गोष्ट विचारायची आहे."

"फोटो पाठवा ना."

"फोटोला विचारता येत नाही."

बायको म्हणाली, "हात लावू नकोस म्हणजे झालं." गुरुवारची रजा टाकली.

सोबत इस्माईलभाई. दापोलीकडचे, तीस वर्षं दम्मामला गाड्यांच्या सीटांचं आणि चामड्याचं काम करतात. चामडं वाचावं तर त्यांनीच, आणि अरबीही त्यांचीच चांगली. पहाटे पाचला त्यांच्या कॅमरीतून निघालो. अबू सलमान आणि त्यांचा मुलगा सलमान पुढे त्यांच्या गाडीत.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: खोबर ते उनैझा साधारण साडेसातशे किलोमीटर, थांबत गेलं तर आठ-नऊ तास. पेट्रोलला एका बाजूचे सव्वाशे-दीडशे रियाल धरा. रियाधच्या आधी दहना वाळवंटाची लाल वाळू लागते, तिथे वारा असला तर रस्त्यावरून वाळूचे पट्टे सरपटत असतात, वेग कमी ठेवा. कॅमेऱ्यांसाठीही ठेवा. रियाधच्या पुढे एका पंपावर यमनी माणसाकडे मुतब्बक, म्हणजे खिमा-अंडं भरलेला पराठा, खाल्लं, दोघांचं वीस रियालमध्ये झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काय तो फिरायचा काळ. आम्ही डिसेंबरात होतो, आणि दिवसभर आभाळ राखेच्या रंगाचं होतं.

उनैझात मातीच्या जुन्या बाजाराची डागडुजी छान केलेली आहे, सुक्करी खजूर आणि कलेजा नावाची गोड बिस्किटं जरूर घ्या. आम्हाला ते सगळं धावतंच दिसलं. घर गावाबाहेर, खजुराच्या बागेत. अबू सलमान मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, जाऊन टेकले. सलमानने मला अंगणातच थांबवलं. पन्नाशीचा माणूस, सरकारी नोकरीतला, इंग्रजी स्वच्छ.

तो म्हणाला, "वडील सात वर्षांचे असताना माझे चुलत आजोबा या घरात गोळी लागून गेले. आजोबा रिव्हॉल्वर फडताळात ठेवत होते, ते खाली पडलं आणि उडालं. आमच्या घरात हेच सांगतात. वडील तुम्हाला विचारतील, असं होऊ शकतं का. तुम्ही हो म्हणा."

"मी अजून बघितलं नाही."

"बघा. आणि हो म्हणा. ते किती दिवसांचे आहेत, तुम्हालाच माहीत."

इस्माईलभाई माझ्या बाजूला उभे होते. आत जाताना हळूच म्हणाले, "भाऊ, आपण सामान बघायला आलोय. तेवढंच बघूया."

पेटी सागवानी होती, आत हिरवी बनात. साफ करायची सळई, तेलाची चपटी बाटली, लाकडी मुठीचा छोटा पेचकस, सुती गोफ, सगळं आपापल्या खाचेत. काडतुसं पोलिसात केव्हाच जमा केलेली. इतकी पूर्ण पेटी मी आयुष्यात पाहिली नव्हती. एरवी मी नाचलो असतो.

मी हात लावला नाही. सलमानने रिव्हॉल्वर उघडून रिकामं असल्याचं दाखवलं. वरून दुमडून उघडणारं ब्रिटिश बनावटीचं, सहा गोळ्यांचं. सांगाड्यावरचा आणि चक्रावरचा नंबर एकच. माझ्या मनात एक आशा होती: होल्स्टर दुसऱ्याच हत्याराचं निघावं. मग म्हणता आलं असतं की त्या वेळचं रिव्हॉल्वर वेगळं होतं, जुन्या धाटणीचं, पडल्यावर उडणारं.

इस्माईलभाईंनी होल्स्टर उजेडात धरलं, आत बोटं घातली, वास घेतला. मागे झिजलेला शिक्का, त्यातलं 'बॉम्बे' एवढंच वाचता येत होतं. "कमावलेलं गाईचं चामडं. शिलाई हाताची, कुठे उसवून परत घातलेली नाही," ते म्हणाले. "आत घोड्याचा, चक्राचा ठसा पडलाय. यात दुसरं हत्यार कधी राहिलेलंच नाही."

सलमानने रिव्हॉल्वर आत सरकवलं. ठशात बरोबर बसलं.

मग अबू सलमाननी विचारलं, "हे नुसतं पडून उडतं?"

सलमान माझ्याकडे बघत होता. मी त्याला ते बाहेर काढून घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा मागचा खटका, अंगठ्याने पुढे ढकलून बघायला सांगितलं. हलला नाही. या बनावटीत घोडा पडल्यावर जरा मागे येऊन अडकून बसतो, गोळीला टेकत नाही. आतली स्प्रिंग अजून मजबूत होती. चापही जड.

मी म्हणालो, "जुन्या हत्याराबद्दल शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही."

"मी शंभर टक्के विचारलेलं नाही."

"मला नाही वाटत," मी म्हणालो.

सलमान पटकन बोलला, "घोडा आधीच मागे ओढलेला असेल तर? मग धक्क्याने पडू शकतो."

"पडू शकतो."

"ऐकलंत, बाबा?"

अबू सलमाननी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मलाच विचारलं, "आपोआप ओढला जातो?"

"नाही. कुणालातरी ओढावा लागतो."

अबू सलमाननी दाराकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मी दारात होतो. दोघं विहिरीच्या पाण्यावरून भांडत होते. वडिलांचा हात सरळ होता. आई म्हणाली, तुला ताप होता, तू स्वप्न पाहिलंस. मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. मीही तसंच समजायला शिकलो." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "मला ताप नव्हता, मुहंदिस."

सलमान पेटी तशीच उघडी टाकून बाहेर गेला. जेवणाचं मोठं ताट आलं, बकऱ्याचा भात. अबू सलमान आग्रह करत होते. आम्ही दोघं चार घास खाऊन उठलो. सलमान जेवायला आला नाही.

रात्र एका साध्या हॉटेलात काढली, दीडशे रियाल, खोली ठीक. शुक्रवारी परतीच्या वाटेवर मी इस्माईलभाईंना विचारलं, "मी चुकलो का?"

"तुम्ही खोटं बोलला असता तरी मला खरं कळलंच असतं, ते चामडं मी बघितलं होतं," ते म्हणाले. "पण मला कुणी विचारलं नव्हतं, ते बरं झालं." मग खोबर येईपर्यंत ते गाडीच चालवत राहिले.

शनिवारी अबू सलमान नेहमीच्या खुर्चीत होते. सोबत सलमान नव्हता, ड्रायव्हर होता. नर्सने सुया लावल्या, मशीन सुरू झालं. त्यांनी मला बोलावलं.

येताना ते रियाधला थांबले होते. गेलेल्या काकांचा मुलगा, अब्दुल्ला, तिथे असतो. त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. बाप गेल्यावर तो त्याच घरात वाढला, अबू सलमानच्या वडिलांनीच त्याला शिकवलं, लग्न करून दिलं. अबू सलमाननी त्याला सगळं सांगितलं. त्याचा हक्क होता, असं त्यांना वाटलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, सत्तर वर्षं मी त्याला बाप म्हटलं. त्याला मी कबरीत उतरवलं. आता त्याचं मी काय करू?" ते नळीतल्या रक्ताकडे बघत होते. "मग तो आत गेला. पोरांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं."

या ब्लॉगवर तुम्ही मला रिव्हॉल्वरचे, होल्स्टरचे फोटो पाठवता. पाठवत राहा, बनावट आणि काळ मी सांगेन. त्या पेटीइतकी पूर्ण पेटी मला पुन्हा बघायला मिळणार नाही, हे माहीत आहे, आणि तिचा एकही फोटो मी काढला नाही. अबू सलमाननी विचारलं होतं, म्हणून मी उत्तर दिलं. ते आजही मला बरोबर वाटतं.

अब्दुल्लांनी मात्र कुणालाच काही विचारलं नव्हतं.