कनकाचा झोपाळा आणि जनकोजीरावांची गाडी

रोज सकाळी कॉफीआधी जनकोजीराव गाडीच्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावून ऐकत. डॉक्टर छाती तपासतात तसे. बायको कनका वर्षभर गुडघ्याबद्दल सांगत होती. तिला असा कान कधी मिळाला नाही.

गाडी मॉरिस कंपनीची, जुनी ‘इस्टेट’ घडणीची विलायती मोटार. मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीत बसवलेला. चेन्नईतल्या मैलापूरच्या त्या गल्लीत रिक्षासुद्धा कशीबशी वळे, पण जनकोजीरावांच्या पोर्चमध्ये विलायत उभी असे. आपले पूर्वज तंजावरच्या मराठा राजांबरोबर घोड्यावरून आले, हे ते दूधवाल्यालाही सांगत. घोडा राहिला नव्हता, गाडी होती.

एके दिवशी टकटक केली आणि बोट आत गेलं. वाळवी.

“चौकट नवी करावी लागेल,” सुतार चंद्रमौळी म्हणाला. “मागचं छप्पर हिच्यावरच उभं आहे. लाकूड मात्र जुनं, मुरलेलं हवं. नवं वाकेल.”

जनकोजीरावांची नजर दिवाणखान्याकडे गेली. तिथे पितळी साखळ्यांवर कनकाचा झोपाळा होता, घरात त्याला ऊंजल म्हणत. चार बोटं जाड सागवानी फळी. लग्नात दोघांना त्यावर बसवून बायकांनी गाणी म्हटली होती. त्यानंतर जनकोजीराव त्यावर बसले नाहीत. कनका रोज दुपारी बसे. घरातली तेवढीच जागा तिची.

मार्गळी महिन्यातल्या एका सकाळी ती देवळातून परतली, तेव्हा नुसत्या साखळ्या लोंबत होत्या.

“माझा ऊंजल?”

“अगो, आहे ना! गाडीला लागतोय. आता चेन्नईभर फिरेल.”

“मला कुठे फिरायचं होतं?”

चौकट बसली, पॉलिश वाळलं. त्या दुपारी कनका पानाचा डबा घेऊन गेली, गाडीची मागची दोन्ही दारं उघडली आणि पाय बाहेर सोडून आत बसली. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या दिवशी तर सकाळपासूनच.

“अगो, उतर. परीक्षक वाट बघतायत.”

“मग न्या की. ऊंजल हलायलाच असतो.”

नेली. मरीना किनाऱ्यावर परीक्षकाने लाकडावरून हात फिरवला. “मूळचंच का?”

“अर्थात! ओरिजिनल!”

“ओरिजिनलच,” मागून कनका म्हणाली. “माझ्या लग्नातलं.”

बक्षीस शेजारच्या गाडीला मिळालं. हल्लीच्या परीक्षकांना संस्कृती कळत नाही, असं जनकोजीराव समोर येईल त्याला सांगत. नवा झोपाळा त्यांनी केला नाही. चांगलं सागवान मिळतच नाही म्हणे.

ती गाडीत बसत राहिली. ते फडकं घेऊन तिच्या अवतीभवती पुसत राहिले. चुकून टकटक केलीच, तर आतून “कोण?” असं येई.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. लाकूड भिजेल म्हणून ते लगबगीने पोर्चमध्ये आले.

“अगो, पाय आत घे,” ते म्हणाले. “दार लावायचंय.”