सुपातली पिल्लं

उंदराची उघडी, लाल, आंधळी पिल्लं मी सुपात भरली आणि माझ्या बाळंतीण सुनेच्या, वंदनाच्या, मांडीवर ओतली. सूप तेच — आदल्या दिवशी पाचवीला ज्यात तिची पोर निजवली होती.

"पाह्य," म्हटलं, "उंदरीलेही माया असते. तुले काहून नाही?"

हे मी कोणालाच सांगितलं नाही. सांगत आले ते एवढंच — वंदनानं पोर टाकली.

तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडे, घाटंजीला. अर्ध्या खोलीत कापूस, उरलेल्या जागेत तिची खाट. पोर रडायची, ही भिंतीकडे तोंड करून पडायची. दुधानं झंपर भिजायचं, पण हात पुढे व्हायचा नाही. मला शिसारी यायची. त्यात कापसात उंदराचं बीळ सापडलं — आणि मला हे सुचलं.

पिल्लं मांडीवर वळवळली. वंदना ओरडली नाही. बघत राहिली, मग ओकली. आणि उंदरीण? ती आलीच नाही. पिल्लं मी उकिरड्यावर फेकली.

मग तिच्या भावाला बोलावलं. म्हटलं, "घेऊन जा, हिचं डोस्कं फिरलं." पोर ठेवून घेतली. माझा मुलगा गप्प बसला. गप्प बसायला त्याला मीच शिकवलं होतं.

ती पोर, कोमल, आता यवतमाळला कॉलेजात आहे. परवा जेवताना सांगत होती — पिल्लं व्हायच्या आधी उंदरीण दुसरीच्या पिल्लांना हुंगून दूर पळते, कधी चावतेही. बाळंत होताना तिच्या रक्तात काहीतरी बदलतं, तेव्हा ती माय होते.

"अन् ते नाही बदललं तं ढुंकूनही पाहत नाही, आजी. माह्या मायचं तसंच झालं असंन का?"

मी म्हटलं, "जेव मुकाट्यानं."

मला हे पुस्तकातून कळायला हवं होतं का? हिचा बाप जन्मला तेव्हा मलाही त्याची किळस आली होती. त्याचा वास नको व्हायचा. सासू काही बोलली नाही. रोज त्याला माझ्या छातीशी धरून बसायची. एका सकाळी माया आली — आपोआप. मी काहीच केलं नव्हतं.

म्हणजे मला माहीत होतं. थांबलं तर येते. मी थांबले नाही. वंदनाला पाहिलं की मला मीच दिसायचे, आणि ते मला घरात नको होतं.

पिल्लं मेली. वंदना जगली — भावाच्या घरी, फुलसावंगीला. कोमल जगली. मीही जगले.